तगरीच्या मुळाने गर्द सुटेल का?

ताई, भाऊ बोटीवर खलाशी आहे, गर्दच्या (ब्राऊन शुगर, म्हणजे हेरॉईनच) नादाला लागलाय आणि अंगणातल्या तगरीचं मूळ उकळून देऊ का असं तुम्ही विचारलंय, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी पाठवलं की आफ्रिकेत याच जातीच्या झाडाने व्यसन एका रात्रीत सुटतं. नका देऊ. पण पाठवणारा सगळंच खोटं बोलतोय असंही नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो, मेडिकल चालवतो त्यामुळे हे प्रश्न काउंटरवर रोजचेच.

ते झाड म्हणजे गॅबॉनमधलं इबोगा, तिथे ब्विती पंथाचे लोक त्याच्या मुळाची साल विधीत खातात. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉवर्ड लॉट्सॉफ नावाच्या पोराने, स्वतः हेरॉईन घेणाऱ्या, त्यातलं आयबोगेन नावाचं द्रव्य नशेसाठीच घेतलं आणि अंमल उतरल्यावर बघतो तर टर्की (नशा तुटल्यावर शरीराला होणारा त्रास) नाही की तलफ नाही. पुढे बऱ्याच जणांना तसाच अनुभव आला. पण हेच आयबोगेन हृदयाच्या पेशींतली पोटॅशियमची वाट अडवतं, ठोके बिघडतात आणि त्यात माणसं गेलीयत. शरीरात त्याचं नॉरआयबोगेन बनतं आणि तेही रेंगाळतं, म्हणजे रात्र निभावली म्हणजे सुटलो असं नाही. त्यात टर्कीत उलट्या-जुलाब होऊन पोटॅशियम आधीच उतरलेलं असतं, मग धोका अजून वाढतो.

तगर त्याच कुळातली, आपल्या रानातला नागलकुडा पण. दोघांत कोरोनॅरिडिन नावाचं द्रव्य असतं, आणि त्याच्याच धर्तीवर अमेरिकेत १८-एमसी नावाचं रसायन बनवलं, आयबोगेनचे दुष्परिणाम टाळायला. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठातून टॅबरनँथॅलॉग आलं, भास न होणारं, त्याने उंदरांची दारू-हेरॉईनची ओढ कमी झाली. उंदरांची. तुमच्या टोपातल्या काढ्यात कुठलं अल्कलॉइड, म्हणजे असं झाडातलं जहाल द्रव्य, किती उतरलं हे कोण मोजणार? आणि रानातनं मूळ आणणारे पांढरा कुडा आणि नागलकुडा यातच घोळ घालतात, ते वेगळंच.

बरं, वनस्पतीचंच औषध हवं असेल तर ते आधीच आहे की. ब्युप्रेनॉर्फिनची जिभेखाली ठेवायची गोळी, ती अफूतल्या थिबेनपासून बनते. पण ती पण स्वतःहून आणून देऊ नका, टर्की सुरू व्हायच्या आधी पहिली गोळी गेली तर उलट टर्कीच भडकते, म्हणून डॉक्टरसमोरच सुरू करायची. आणि एसटी स्टँडवर ‘न सांगता दारू सोडवा’ म्हणून पोस्टर असतात ना, ते तर गर्दला लागूही नाही, आणि दारूसाठीसुद्धा कुणाला न सांगता चहातून काही देऊ नये, त्यात दारू सोडवायची गोळी असली आणि तो वर दारू प्यायला तर बीपी कोसळू शकतं.

१४४४६ वर फोन करा, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत, जवळचं केंद्र सांगतील. अजून एक, घरी जबरदस्तीने थोडे दिवस थांबवून ठेवलात तर शरीराची सवय मोडते आणि मग त्याने जुन्याच मापाने घेतलं तर श्वास बंद पडून जातो माणूस, हे त्यालाही सांगून ठेवा. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, ३१ जुलैपर्यंत बोटी किनाऱ्याला, तेवढ्यात गोळीचं बसवून घ्या आणि बोट सुटल्यावर गोळ्या कशा मिळणार हे डॉक्टरला आधीच विचारा.