चार्ज असलेला कण चुंबकीय क्षेत्रात वर्तुळात फिरतो; दोन वेगवेगळ्या क्षेत्रांत त्या वर्तुळाची त्रिज्या मोजली तर कणाचं वस्तुमान निघेल का?

नाही निघणार. तुमचा विचार असा दिसतोय की वस्तुमान आणि वेग दोन्ही माहीत नाहीत, म्हणून तोच कण दोन क्षेत्रांतून फिरवायचा, दोन त्रिज्या मोजायच्या आणि दोन समीकरणं सोडवायची. पण ती दोन समीकरणं नाहीतच हो, एकच समीकरण दोनदा लिहिलंय. चुंबकीय बल कायम वेगाला काटकोनात असतं, त्यामुळे कण फक्त वळतो, त्याचा वेग ना वाढतो ना कमी होतो. आणि त्रिज्या गुणिले क्षेत्र केलं की दरवेळी संवेग (म्हणजे वस्तुमान गुणिले वेग) भागिले चार्ज एवढंच हाती येतं. क्षेत्र दुप्पट केलं तर त्रिज्या निम्मी होईल, गुणाकार तोच. जड आणि सावकाश कण, हलका आणि वेगवान कण, संवेग आणि चार्ज सारखा असेल तर दोघांचं वर्तुळ अगदी एकसारखं!

म्हणून त्रिज्येबरोबर अजून काहीतरी मोजायला लागतं. लॅबमध्ये सोपं पडतं ते व्होल्टेज. इलेक्ट्रॉन 200 व्होल्टने पळवला आणि 1 मिलिटेस्ला क्षेत्रात काटकोनात सोडला तर त्रिज्या साधारण 4.8 सेंमी येते, आणि क्षेत्राचा वर्ग गुणिले त्रिज्येचा वर्ग भागिले दुप्पट व्होल्टेज केलं की वस्तुमान आणि चार्ज यांचं गुणोत्तर मिळतं. मला स्वतःला मात्र वेळ मोजायची पद्धत जास्त आवडते, कारण तिथे वेग लागतच नाही. वेगवान कण मोठं वर्तुळ मारतो, सावकाश कण लहान, पण एका फेरीला दोघांना वेळ तेवढाच (वेग प्रकाशाच्या जवळ गेला की हे मोडतं). 1 मिलिटेस्लात इलेक्ट्रॉनची फेरी साधारण 36 नॅनोसेकंदांत होते आणि प्रोटॉनची सुमारे 66 मायक्रोसेकंदांत, म्हणजे वस्तुमानातला 1836 पटींचा फरक सरळ घड्याळात दिसतो.

तरी वस्तुमान एकटं मिळत नाही, त्याला चार्ज चिकटलेलाच राहतो हे लक्षात ठेवा. थॉमसनना 1897 मध्ये इलेक्ट्रॉनचं गुणोत्तरच मिळालं होतं, चार्जचा नेमका आकडा नंतर मिलिकनच्या तेलाच्या थेंबांच्या प्रयोगातून आला, आणि त्यात चुंबक नव्हताच. आयनांचं (चार्ज असलेल्या अणूंचं) बरं असतं, चार्ज इलेक्ट्रॉनच्या चार्जच्या एकपट, दोनपट असाच असतो, त्यामुळे पर्याय थोडेच उरतात. निऑन 20 आणि निऑन 22 (निऑनचेच वेगळ्या वस्तुमानाचे अणू) दोघांवर एकेकच चार्ज असेल तर त्याच व्होल्टेजला त्रिज्येत जवळजवळ 5 टक्के फरक पडतो, तो सहज पकडता येतो.

आणि वस्तुमान अगदी नेमकं नाही निघालं तरी कण ओळखता येतो. 1932 मध्ये अँडरसनला शिशाच्या पट्टीतून गेलेल्या एका कणाचा माग सापडला, वळणावरून चार्ज धन, म्हणून आधी कोणालाही प्रोटॉनच वाटणार. पण तेवढ्या वळणाचा प्रोटॉन इतका लांब जाऊच शकत नाही, माग निदान दहापट लांब होता. म्हणजे वळणावरून संवेग कळला, लांबीवरून कण हलका आहे हे कळलं, आणि पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच पण धन चार्जचा कण, सापडला.

तुमच्या गणितात व्होल्टेज किंवा फेरीचा वेळ दिलाय का बघा, दिला असेल तर इथे टाका, पुढचं सोडवू.