वाढदिवसाच्या दिवशी केलेल्या सह्या

‘मावशी, मी अठरा वर्षांची आहे. आठवीत असताना एका मराठी मालिकेत काम मिळालं. शाळकरी मुलांची गोष्ट होती. मालिकेतच मी दहावी झाले, कॉलेजात गेले. आता लीप येतोय, म्हणजे गोष्ट काही वर्षं पुढे उडी मारतेय, आणि माझ्या पात्राचं लग्न ठरतंय. घोडबंदर रोडला सेट आहे. सकाळी सातचा कॉल, पॅकअपला रात्रीचे आठ-नऊ. खरी दहावी-बारावी मी १७ नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून दिली. केस कापायचे तरी चॅनेलला विचारावं लागतं. आजीसुद्धा मला पात्राच्या नावाने हाक मारते. अठरावा वाढदिवस सेटवरच झाला. केक कापला, पप्पांनी आणलेल्या दोन-तीन कागदांवर सह्या केल्या आणि लगेच शॉटला गेले. रात्री घरी येऊन खूप रडले, का ते कळलं नाही. आईने माझ्यासाठी नोकरी सोडली, इतकी वर्षं रोज माझ्याबरोबर सेटवर बसली, तिला मला दुखवायचं नाही. प्रॉडक्शनने नवा करार पुढे केलाय. मालिका सोडू की राहू? आणि मी खरी कोण, हे मला कसं कळणार?’

बाळा, ते कागद कसले होते?

एवढ्या मोठ्या पत्रात त्यांच्या वाट्याला अर्धं वाक्य आलंय, तेही केक आणि शॉटच्या मधे. माझं लक्ष मात्र तिथून हलत नाही. तू दिवसभर दुसऱ्याने लिहिलेलं बोलतेस. कपडे दुसऱ्याने ठरवलेले, केसांचा भांग कंटिन्युइटीवाल्यांच्या ताब्यात, रडायचं केव्हा ते सीनमध्ये लिहिलेलं. त्या दिवशी सेटवर एकच गोष्ट तू स्वतःच्या खऱ्या नावाने केलीस, ती म्हणजे सही. आणि ती कशावर केली, हे तुला माहीत नाही. मी कोण, असं तू मला विचारतेस. त्या कागदांवर तुझंच नाव आहे, सुरुवात तिथून कर.

अठरा पूर्ण झाले त्याच दिवशी ते कागद का आले, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. अल्पवयीन मुलाच्या बँक खात्याचा व्यवहार सहसा आई किंवा वडील पालक म्हणून बघतात. मूल अठरा वर्षांचं झालं की पालकाचा तो अधिकार संपतो. बँक मुलाची नवी सही मागते आणि खातं कोण चालवणार हे त्यालाच विचारते. म्हणजे त्या दिवसापासून तुझ्या पैशांवर फक्त तुझी सही चालणार होती. त्याच दिवशी तुझ्या सह्या घेतल्या गेल्या. कदाचित तो साधा बँकेचा अर्ज असेल. कदाचित दोघांपैकी कुणाचीही एक सही चालेल असं संयुक्त खातं असेल. कदाचित कुलमुखत्यारपत्र असेल, म्हणजे तुझ्या वतीने दुसऱ्याला सही करायचा अधिकार. कदाचित कर्जाला तुला सहकर्जदार केलं असेल. हे चारही कागद एकमेकांपासून फार वेगळे आहेत, आणि तुझ्यावर कुठला लागू आहे ते तुझ्या घरात तू सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

पप्पांनी तुला फसवलं असं मी म्हणत नाही. पण ही वेळ त्यांनी निवडली. घरी, जेवणं झाल्यावर, समोर बसवून ‘हे बघ, हे असं आहे’ असं म्हणता आलं असतं. त्यांनी मेकअप केलेली, पुढच्या शॉटसाठी हाक येत असलेली मुलगी निवडली. याचा मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

आता आईचं. तिने नोकरी सोडली, हे तू किती ओझ्याने लिहिलंयस. पण तेव्हा तू आठवीत होतीस. आठवीतली मुलगी आईला नोकरी सोडायला लावत नाही. तो मोठ्यांचा निर्णय होता. आणि आई रोज सेटवर होती म्हणतेस, तर त्या दिवशीही असेल. सही करण्याआधी ‘थांब, वाच’ एवढे दोन शब्द ती बोलू शकली असती. तिच्या त्यागाची परतफेड म्हणून आणखी काही वर्षं करारात बांधून घेऊ नकोस. तिला दुखावण्याच्या भीतीने तू आजवर एकही प्रश्न विचारलेला नाहीस. तो आता विचारावा लागेल.

कायदा या बाबतीत डोळे मिटून बसलेला नाही. बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली आणि 2017 मध्ये नियम आले. चौदा वर्षांखालच्या कलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, त्यासाठी निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, शाळा बंद पडू द्यायची नाही. आणि त्या कामाच्या कमाईतले किमान 20 टक्के थेट राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत ठेवायचे, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात. तू आठवीत लागलीस. चौदा पूर्ण होईपर्यंत जे काम केलंस, त्याची अशी ठेव असायलाच हवी. पत्रात तिचा उल्लेख नाही, म्हणजे तुला कुणी सांगितलेलंच नाही. चौदानंतरच्या वर्षांना हा नियम लागू नाही, म्हणून तर त्या वर्षांचा हिशोब तुलाच मागायला हवा.

हे प्रश्न जुने आहेत. चॅप्लिनच्या 1921 सालच्या ‘द किड’मधला तो छोटा मुलगा, जॅकी कूगन, लहानपणी लाखो डॉलर कमावत होता. मोठा झाल्यावर हाती काहीच नाही हे कळलं आणि 1938 साली त्याने स्वतःच्या आईवर आणि सावत्र वडिलांवर खटला भरला. त्या काळी कॅलिफोर्नियात मुलाची कमाई कायद्याने आईवडिलांचीच होती. एवढ्या कमाईतून त्याला सुमारे 1 लाख 26 हजार डॉलर मिळाले. पुढच्याच वर्षी तिथे बालकलाकारांसाठी कायदा झाला आणि तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्याला हे कळेपर्यंत पैसा खर्च होऊन गेला होता. तुझे अठरा पूर्ण होऊन फार दिवस झालेले नाहीत, म्हणून मी तुला घाई करतेय.

तर या आठवड्यात एकच काम कर. त्या कागदांच्या प्रती हातात घे. पप्पांना सरळ म्हण, ‘वाढदिवसाला ज्यावर सह्या केल्या ते मला वाचायचे आहेत.’ आवाज चढवू नकोस, रडू नकोस, आणि ‘तुझा आमच्यावर विश्वास नाही का’ असं म्हणाले तर वाद न घालता तेच वाक्य पुन्हा म्हण. कागद मिळाले नाहीत तर एक दिवसाची सुट्टी माग, आधार आणि पॅन घेऊन स्वतः बँकेच्या शाखेत जा आणि तुझ्या नावावर काय काय आहे ते विचार. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तुझ्या पॅनने लॉगिन केलंस की 26एएस नावाचं विवरण दिसतं. कुणी तुला किती पैसे दिले आणि किती टीडीएस कापला, वर्षवार. मुलाने स्वतःच्या कलेवर कमावलेलं उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात धरलं जात नाही, म्हणून ते तुझ्या पॅनवरच असायला हवं. आधार-पॅनला जोडलेला मोबाइल नंबर पप्पांचा असेल तर आधी तो बदलून घे, नाहीतर ओटीपी त्यांच्याकडेच जात राहील. कर्जाची शंका असेल तर क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तोही काढ. मुखत्यारपत्र निघालं तर वकिलाला गाठ. साधं मुखत्यारपत्र लेखी रद्द करता येतं.

बरोबर कुणीतरी हवं असं वाटलं तर मामा, आत्या, शाळेतल्या बाई, कुणालाही ने. सेटवरच्या लोकांना नको.

आता मालिका सोडायची की राहायचं. आज मी याचं उत्तर देणार नाही. तुझ्याकडे किती आहे, घर तुझ्या पैशांवर चालतं का, फ्लॅटचे हप्ते कुणाच्या नावे जातात, यातलं काहीच माहीत नसताना तू घेतलेला निर्णय तुझा नसेल, मग तो कुठलाही असो. टीव्हीत कामाचे पैसे नव्वद दिवसांनी येतात, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. म्हणजे आज सोडलीस तरी तीन महिन्यांची कमाई यायची आहे, आणि ती कुठल्या खात्यात जाणार हे आधी कळायला हवं.

त्या रात्रीच्या रडण्याला तू कमी लेखू नकोस. कित्येक वर्षं तू लिहून दिल्यावर रडत आलीस. त्या रात्री कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तो नवा करार. प्रॉडक्शनवाले उद्याच मागतील, ईपी, म्हणजे कार्यकारी निर्माता, गोड बोलेल, लग्नाचा ट्रॅक अडकलाय असं सांगतील. कागद घरी घेऊन ये आणि जुने वाचून होईपर्यंत नव्यावर सही करू नकोस. ‘वाचून सांगते’ एवढंच बोल. वाचून झालं की मला लिही, मग सोडायचं की राहायचं यावर आपण बोलू.