विकिरण केलेल्या आंब्यात कोबाल्ट उरतो का?

प्रश्न (शहापूर, मुरबाडचे आंबा बागायतदार): निर्यातीचा आंबा वाशीच्या विकिरण केंद्रात न्यायचा आहे. तिथल्या कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूचा अर्धायुकाल (जोर निम्मा व्हायला लागणारा काळ) पाच वर्षांच्या वर आहे म्हणतात. मग तेवढी वर्षे त्याचा अंश फळात राहणार का? फवारणीनंतर थांबतो तसे किती दिवस थांबायचे? घरचा कांदाही नेला तर चालेल का?

उत्तर: एक दिवसही थांबायला नको. कोबाल्ट फळाला शिवतच नाही. तो स्टेनलेस स्टीलच्या दुहेरी नळ्यांत सीलबंद असतो आणि पेट्यांवर फक्त गॅमा किरण पडतात. मिरची उन्हात वाळवली म्हणून तिच्यात ऊन साठत नाही, तसेच हे. फळ स्वतः किरणोत्सारी व्हावे एवढी ऊर्जा या किरणांत नसते.

5.27 वर्षांचा अर्धायुकाल कोबाल्टचा, आंब्याचा नव्हे. त्याचा हिशोब केंद्राने ठेवायचा. स्रोत वर्षाला सुमारे 12 टक्क्यांनी क्षीण होतो. आज किरणांच्या ज्या मात्रेला 60 मिनिटे लागतात तिला वर्षाने 68 लागतील, आणि नवा कोबाल्ट भरलाच नाही तर सव्वापाच वर्षांनी 120. तेव्हा ‘गेल्या हंगामात लवकर सुटलो होतो’ म्हणून तिथे वाद घालू नका.

अमेरिकेसाठी किमान मात्रा 400 ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचे एकक). एवढ्याने कोयीतला भुंगा लगेच मरेलच असे नाही, पण त्याची वीण थांबते. त्यामुळे फळ कापल्यावर जिवंत किडा दिसला तरी विकिरण फसले असे समजू नका. साक्यावर (गरात होणाऱ्या पांढऱ्या, स्पंजासारख्या भागावर) मात्र याचा काही उपाय चालत नाही; झाडावर जास्त पिकवाल तेवढा साका वाढतो. चौदा आणे (सोळा भागांपैकी चौदा) तयार झालेला आंबा देठासह उतरवा. पेटी ठरल्या मापाचीच हवी, कोंबून भरली की मधल्या फळांना मात्रा कमी पडते. भोकांना बारीक जाळी लावा. किरणांचा असर मागे उरत नाही, त्यामुळे नंतर शिरलेल्या माशीला तो अडवत नाही.

कांद्याला कोंब फुटू नये म्हणून 60 ते 90 ग्रे पुरतात. केंद्र कांदा घेते का, कधी घेते, हे आधी विचारा. पात कापून नीट सुकवलेला कांदा काढणीनंतर दोन-तीन आठवड्यांतच द्या. उशीर झाला की आतला कोंब हललेला असतो. किरणांनी तो मरतो आणि कांदा चिरल्यावर मधोमध तपकिरी डाग दिसतो. सड याने थांबत नाही, तेव्हा सडके आणि दुभाळके आधीच निवडून काढा. बियाण्यासाठी राखलेला कांदा मात्र चुकूनही त्या गाडीत चढवू नका, तो पुन्हा उगवणार नाही.