कॅनडाच्या नागरिकत्वासाठी दिवसांचा हिशेब

कायम निवासाचा परवाना हाती आल्यावर तुम्हाला हायसे वाटेल, परंतु नागरिकत्वासाठी अर्जाच्या तारखेआधीच्या पाच वर्षांत किमान १,०९५ दिवस कॅनडात प्रत्यक्ष वास्तव्य दाखवावे लागते. कायम निवासापूर्वी विद्यार्थी म्हणून किंवा नोकरीच्या परवान्यावर काढलेला प्रत्येक दिवस अर्धा धरला जातो आणि ही सवलत फार तर ३६५ दिवसांची असते. म्हणून कळकळीने सांगतो, देशाबाहेर जाण्याची आणि परतण्याची तारीख त्याच दिवशी वहीत टिपून ठेवा. मी ती टिपली नव्हती, त्यामुळे पासपोर्टवरचे पुसट शिक्के भिंगाखाली धरून एकेक तारीख जुळवण्यात माझे दोन आठवडे गेले. शिवाय १,०९५वा दिवस भरताच घाईने अर्ज करू नका, हिशेबातली एखादी चूक पोटात घेता येईल इतके दिवस वर असू द्या.