सासूबाईंना अर्धी गोळी घेऊ देऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, ग्रीनकार्डावर पाच वर्षं पूर्ण झाली आहेत आणि न्यू जर्सीत एडिसनला तुमच्याकडेच असतात. मेडिकेअर (अमेरिकी सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्यविमा) आणि त्याचा पार्ट डी (औषधांचा विमा) घेतलाय. एलिक्विस आणि जार्डियन्स (मधुमेहाची गोळी) चालू आहेत. जानेवारीत औषधाच्या दुकानात चारशेच्या वर डॉलर मोजले, तेव्हापासून त्या एलिक्विस अर्धी करून घेतात. पुण्याहून वर्षभराच्या गोळ्या मागवाव्यात का? आणि औषधाच्या खर्चाला मर्यादा घालणारा कायदा म्हणतात तो खरा आहे का?

आधी गोळीचं बघा. एलिक्विस रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात. अर्धी गोळी घेणं म्हणजे पक्षाघाताचा धोका ओढवून घेणं. किती दिवस असं चाललंय ते डॉक्टरांना आजच फोन करून खरं खरं सांगा आणि ते सांगतील तसा पूर्ण डोस सुरू करा.

इतक्या ठामपणे लिहितेय, कारण माझ्या आईनेही हेच केलं होतं. २०२१ ची गोष्ट. हृदयासाठी एन्ट्रेस्टो, दिवसातून दोनदा. महिनाअखेरीला सहज नारिंगी डबी उचलली तर ती जड लागली. ताटलीत ओतून दोन-दोन करत मोजल्या: साठातल्या एकतीस गोळ्या शिल्लक. आई म्हणाली, "अगं, संध्याकाळी मला बरंच वाटतं, मग कशाला उगीच?" काउंटरवरच्या पडद्यावर तिने जानेवारीचा आकडा पाहिला होता, साडेचारशेच्या वर, आणि मनातल्या मनात त्याचे रुपये करून टाकले होते. वडिलांच्या मागे मिळणारी तिची पेन्शन महिन्याला तेवढी नव्हती. मला खूप वाईट वाटलं. दर महिन्याला औषध मीच आणत होते आणि मला काही कळलं नव्हतं.

कायदा खरा आहे, फक्त फार उशिरा आला. मेडिकेअर १९६५ चं, पण दुकानातून आणायच्या औषधांना त्यात जागाच नव्हती. ती मिळाली २००३ च्या कायद्याने आणि पार्ट डी सुरू झाला १ जानेवारी २००६ ला. त्याच कायद्यात एक कलम घातलं गेलं: कंपन्या, दुकानं आणि विमा प्लॅन यांच्या भावाच्या बोलणीत सरकारने पडायचं नाही. माजी सैनिकांसाठी सरकार घासाघीस करून औषधं घेत होतं, पण कोट्यवधी म्हाताऱ्यांसाठी घ्यायची नाहीत! प्रतिनिधीगृहात त्या रात्री बहुमत जुळेना म्हणून पहाटे तीनला सुरू झालेलं मतदान जवळजवळ तीन तास उघडं ठेवलं. विधेयक पुढे नेणाऱ्यांतले एक समितीप्रमुख, बिली टॉझिन, २००५ मध्ये औषध कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले. याचा मला आजही संताप येतो.

ती गाठ सुटायला ऑगस्ट २०२२ उजाडला. सिनेटमध्ये ५०-५०, उपाध्यक्षांच्या एका मताने कायदा झाला. २०२३ पासून पार्ट डीमध्ये इन्सुलिन महिन्याला जास्तीत जास्त ३५ डॉलर. २०२५ पासून औषधांवर स्वतःच्या खिशातून वर्षाला २००० च्या वर जायचं नाही, २०२६ साठी २१००. आणि सरकारने बोलणी करून ठरवलेले पहिल्या दहा औषधांचे भाव १ जानेवारी २०२६ ला लागू झाले. तुमची दोन्ही औषधं त्यात आहेत. महिन्याची एलिक्विस ५२१ ची २३१ वर आली, जार्डियन्स ५७३ ची १९७ वर.

मग जानेवारीत इतकं बिल का? डिडक्टिबलमुळे, म्हणजे विम्याने वाटा उचलण्याआधी दरवर्षी आपण स्वतः भरायची रक्कम. २०२६ मध्ये ते ६१५ पर्यंत असू शकतं आणि ते भरेपर्यंत पूर्ण भाव तुमच्यावर. दोन्ही मिळून ४२८, तुम्ही मोजले ते हेच असावेत. फेब्रुवारीत साधारण २४७ आणि मार्चपासून पाव हिस्सा, म्हणजे महिना १०७ च्या आसपास. काही प्लॅन टक्क्यांऐवजी ठरावीक रक्कम घेतात, तेव्हा थोडं इकडेतिकडे होईल. पण जानेवारीचा आकडा बाराने गुणून घाबरू नका. सासूबाईंना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा, माझ्या आईला त्यानेच पटलं.

पुण्याच्या गोळ्यांचं म्हणाल, तर भारतात जार्डियन्समधल्या औषधाचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि भाव कोसळले, हे खरंच. इथे एलिक्विसच्या जेनेरिकला (त्याच औषधाच्या बिनब्रँडच्या स्वस्त गोळीला) २०१९ मध्येच मंजुरी मिळाली, पण पेटंटच्या भांडणामुळे ते एप्रिल २०२८ पर्यंत दुकानात येणार नाही. मोह मी समजू शकते. तरी मी मागवणार नाही. तो खर्च २१०० च्या मर्यादेत धरत नाहीत, बॅग कस्टममध्ये अडकू शकते आणि डॉक्टरांच्या नोंदीत त्या गोळ्या दिसतही नाहीत. पार्ट डी सोडून देण्याचा विचार तर अजिबात नको. खंड पडलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक टक्का दंड पुढच्या हप्त्यांना कायमचा चिकटतो.

त्यापेक्षा न्यू जर्सीच्या पीएएडी योजनेचा अर्ज भरा. ही राज्याची योजना आहे, ६५ च्या पुढच्यांसाठी. उत्पन्नाची मर्यादा दरवर्षी बदलते, ती आधी बघा. बसत असतील तर योजनेतल्या जेनेरिकला ५ आणि ब्रँडेडला ७ डॉलर. इतके दिवस इथे राहून आपल्यापैकी कितीतरी घरांत हे माहीतच नसतं.

२१०० मध्ये फक्त प्लॅनच्या यादीतली औषधं धरतात, प्रीमियम धरत नाहीत. यादी दरवर्षी बदलते, म्हणून १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात दोन्ही औषधांची नावं घालून प्लॅन पुन्हा ताडून बघा. राज्याच्या मोफत सल्ला केंद्रातले स्वयंसेवक शेजारी बसून हे करून देतात.

आणि एकदम पैसे देणं जड जात असेल तर २०२५ पासून बिनव्याजी मासिक हप्त्यांची सोय आहे. दुकानात काही द्यायचं नाही, प्लॅनचं बिल घरी येतं. दुकानदार आपणहून नोंदवत नाही, प्लॅनला सांगावं लागतं. वर्षाच्या मध्येही घेता येते. फोन नंबर सासूबाईंच्या कार्डाच्या मागे असेल.