'सेड'ला पर्याय शोधण्याआधी त्याची जागा बदलून बघा

तुमची अडचण मला अशी समजली: इंग्रजीत कथा लिहिताय, प्रत्येक संवादाला 'ही सेड', 'शी सेड' येतं आणि ते कंटाळवाणं वाटतं. म्हणून समानार्थी शब्दांच्या यादीतून अकरा वेगवेगळी क्रियापदं घातलीत, पण आता परिच्छेद आणखीच अवघडलेला वाटतोय.

मी बरीच वर्षं मराठी कथांचे इंग्रजी अनुवाद करते आणि इतरांचे तपासून देते. आपल्याकडच्या नवीन लेखकांत ही अडचण मला फार वेळा दिसते. माझ्या मते दोष 'सेड' या शब्दाचा नाही, त्याच्या जागेचा आहे. मराठीत आपण बहुतेक वेळा आधी 'तो म्हणाला' लिहितो, स्वल्पविराम देतो आणि मग अवतरणचिन्ह उघडतो. शाळेत डायरेक्ट-इनडायरेक्ट सोडवतानाही वाक्यं तशीच सुरू व्हायची. ती सवय इंग्रजी कथेत शिरली की प्रत्येक ओळ 'ही सेड'नं उघडते आणि पानाच्या डाव्या कडेला त्यांची उतरंड लागते. इंग्रजी कथेत साधारणपणे बोलणं आधी ऐकू येतं आणि बोलणारा मागून कळतो. ओळीच्या शेवटी किंवा मधल्या विसाव्याला आलेलं 'सेड' वाचकाला जाणवतही नाही.

तुमच्याच ओळी घेऊ. मुलगा कपाटाची किल्ली शोधतोय, आई कणीक मळतेय.

ही सेड, "व्हेअर इज द की?"
शी सेड, "ऑन द शेल्फ."
ही सेड, "इट इज नॉट देअर."
शी सेड, "लुक प्रॉपर्ली."

तुम्ही यात अनुक्रमे क्वेरीड, रिप्लाइड, रिटॉर्टेड आणि इन्सिस्टेड घातलंत. उतरंड तिथंच राहिली, फक्त मडकी रंगवली. आता हे वाचा:

"व्हेअर इज द की?" ही आस्क्ड.
"ऑन द शेल्फ."
"इट्स नॉट देअर."
शी डिड नॉट लुक अप फ्रॉम द डो. "लुक प्रॉपर्ली."

चार ओळींत एकच क्रियापद उरलं, तेही साधं 'आस्क्ड'. दोनच माणसं बोलत असतील तर मधल्या दोन ओळी कुणाच्या हे सांगावं लागत नाही. शेवटच्या ओळीत आईनं कणकेवरून मान वर केली नाही, एवढ्यानं ती बोलतेय हे कळलं आणि तिचा सूरही कळला. 'इन्सिस्टेड'मधून हे कधीच कळलं नसतं.

यादीतल्या शब्दांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण खरी फसगत तिथं होते. यादी अर्थ देते, छटा देत नाही. 'रिटॉर्टेड' म्हणजे फटकन उलट उत्तर देणं. तुमचा मुलगा तर नुसतं 'तिथं नाहीये' म्हणतोय. 'क्लेम्ड' लिहिलंत की त्या माणसाच्या बोलण्यावर तुमचा विश्वास नाही असं वाटतं. 'अ‍ॅडमिटेड' लिहिलंत की त्याच्या हातून काहीतरी चुकलंय असं वाटतं. 'पॉइंटेड आउट' लिहिलंत तर तो म्हणतोय ते खरंच आहे, अशी तुम्हीच ग्वाही देता. कथेतला निवेदक तटस्थ असेल तर हे तीनही शब्द नकळत त्याला बाजू घ्यायला लावतात. बातमी लिहिणाऱ्यांनाही याच कारणासाठी 'सेड' सुरक्षित वाटतं.

दुसरी गोष्ट, 'स्माइल्ड', 'नॉडेड', 'श्रग्ड' ही बोलण्याची क्रियापदं नाहीत. मराठीत आपण 'ती हसून म्हणाली', 'मान डोलावत म्हणाला' असं लिहितो. हावभाव धातुसाधितात जातो आणि बोलण्याचं काम 'म्हणणे' करतं. अनुवाद करताना 'म्हणाली' गळून पडतं आणि नुसतं 'यस, शी स्माइल्ड' उरतं. हसण्यातून शब्द उच्चारता येत नाहीत. 'यस' नंतर स्वल्पविरामाऐवजी पूर्णविराम द्या आणि 'शी स्माइल्ड' स्वतंत्र वाक्य करा, एवढ्यानं भागतं. तसंच 'टोल्ड'ला कुणाला सांगितलं तो माणूस लागतो, 'सेड'ला लागत नाही. 'स्पोक' तर अवतरणाला सहसा जोडतच नाहीत.

अमेरिकन कादंबरीकार एल्मोर लेनर्ड यांनी २००१ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेखनाचे काही नियम मांडले. संवादाला 'सेड'शिवाय दुसरं क्रियापद वापरूच नये, हा त्यांतला एक. 'सेड'ला क्रियाविशेषण जोडू नये, हा त्याच्या पुढचा. दुसरा नियम मला पूर्ण पटतो. आपल्या 'रागानं म्हणाला'चं 'ही सेड अँग्रिली' करण्यापेक्षा तो राग त्याच्या वाक्यातच आणावा. पहिला मात्र मी इतका कडक पाळत नाही. प्रश्नाला मला 'आस्क्ड' सहज वाटतं आणि व्हिस्पर्ड, शाउटेड, मटर्ड यांनाही कामं आहेत. मी एकच बघते: हे क्रियापद काढलं तर वाचकाची काही माहिती बुडते का? 'आय अ‍ॅम सॉरी, ही अपॉलजाइज्ड' यात काहीच बुडत नाही, कारण माफी शब्दांतच आहे. 'आय अ‍ॅम फाइन, ही लाइड' यात मात्र सगळी गोष्ट त्या 'लाइड'मध्ये आहे.

या कसोटीवर तुमची अकराही क्रियापदं मी पुन्हा वाचली. त्यातली दहा काढा. काहींच्या जागी 'सेड' किंवा 'आस्क्ड' येईल, बाकीच्या ठिकाणी काहीच लागणार नाही. एक तेवढं ठेवा. कपाटात जमिनीचे कागद आहेत, मुलगा किल्ली शोधतोय आणि पडवीत बसलेले आजोबा म्हणतात, "ही हॅज कम टू सेल इट." तिथं तुम्ही 'मटर्ड' लिहिलंय. ते पुटपुटले म्हणूनच स्वयंपाकघरातल्या दोघांना ऐकू गेलं नाही आणि म्हणूनच आई पुढच्या पानावर स्वतःच्या हातानं किल्ली काढून देते.