सरकार म्हणालं तेल कमी काढा, मग लीजचं काय?

प्रश्न: आमच्या मोठ्या बहिणीचा पोरगा टेक्सासात राह्यते. त्यानं तिथं जमीन घेतली, खालच्या तेलाच्या हक्कासकट, अन् एका कंपनीले लीजवर देल्ली. उद्या सरकारनं उत्पादनावर लिमिट लावली तर लीज सुटते का तशीच अडकून राह्यते? आम्ही कोळसा खाणीत वावर गेलेली माणसं, आम्हाले काही समजेना. (एक वाचक, वणी)

उत्तर: भाऊ, आपल्याकडं जमिनीखालचं तेल सरकारचं, तिकडं ते खाजगी मालकाचंही असतं म्हणून भाच्याला लीज देता आली. अशा लीजमध्ये बहुतेक आधी ठरावीक मुदत असते, समजा तीन वर्षं, अन् पुढं जोवर खर्च वजा जाता परवडेल इतकं तेल निघतंय तोवर लीज चालू. म्हणजे लिमिट लागून तेल निम्म्यावर आलं तरी विहीर परवडत असेल तर लीज सुटत नाही, भाच्याची रॉयल्टी तेवढी घटते, अन् कंपनीनं सरकारी ऑर्डर पाळली म्हणून तिच्यावर केस टाकून सहसा काही हाती लागत नाही.

विहीर पूर्णच बंद झाली तर मात्र कागद काय म्हणतो ते बघावं लागतं. बऱ्याच लीजमध्ये फोर्स मेज्योरचं (म्हणजे हाताबाहेरच्या कारणाचं) कलम असतं, सरकारी ऑर्डरमुळं काम थांबलं तर लीज मोडली असं धरत नाहीत. शट-इन रॉयल्टीचंही (विहीर बंद असताना लीज टिकवायला कंपनी देते त्या पैशांचं) कलम असतं, पण ते पुष्कळदा फक्त गॅसच्या विहिरीपुरतं, ही गोष्ट लोक वाचतच नाहीत.

आणि ऑर्डर म्हणजे खरीखुरी ऑर्डर पाहिजे बरं का, भाव पडला म्हणून कंपनीनं स्वतःच कुलूप लावलं तर ते फोर्स मेज्योरमध्ये बसवणं अवघड. 20 एप्रिल 2020 ला अमेरिकेत तेलाचा वायदा शून्याच्याही खाली, उणे 37 डॉलरवर गेला होता, तेव्हा टेक्सासच्या रेलरोड कमिशननं (नाव रेल्वेचं, कारभार तेलाचा!) लिमिट लावायची चर्चा केली अन् मे महिन्यात विषय सोडून दिला. मग त्या काळात ज्यांनी विहिरी बंद केल्या ते सरकारकडं बोट कसं दाखवणार? तसं पाहिलं तर हेच कमिशन 1930 च्या दशकापासून 1972 पर्यंत दर महिन्याला कोटा ठरवून द्यायचं, त्यामुळं पुढं कधी लागणारच नाही असंही नाही.

भाच्याला सांगा, फोर्स मेज्योरच्या कलमात पहिली मुदतही वाढते का ते तिथल्या वकिलाकडून वाचून घे, अन् शट-इनचे पैसे आले तर चेक बँकेत टाकायच्या आधी त्याला दाखव.